चिमूटभर निळा

ता. ३ मार्च

प्रिय मामा,
सा. न. वि. वि.

तू निळ्या हातांनी फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. सोबत प्रयोगशाळेतली पाच किलो माती आहे. मामीला सांग, कुंड्यांत घालायची नाही. साबणाच्या जातीच्या एका द्रव्यात मुरवल्यामुळे हिला पाण्यापेक्षा रंग जास्त आवडतो. तुझ्या रंगाईच्या सांडपाण्यात मिसळ, अर्धा तास ढवळ, चार तास निवळू दे. रंग धरून माती तळाशी बसेल. वरचं पाणी प्रदूषण तपासणीच्या ऑफिसात दे.

नमुना नापास झाला तर कारखान्याला टाळं लागणार, हे आईने मला तीनदा सांगितलं आणि तिन्ही वेळा रडली. तेव्हा मनाचं काही करू नकोस. तुला सवय आहे.

लोभ आहे तेवढाच पुरे.
तुझी भाची

ता. ११ मार्च

चि. भाचीस अनेक आशीर्वाद.

माती पोचली. मामी म्हणाली, इतकं शिकून पोरीने चिखल पाठवला. पण काल हौदातलं पाणी असं निवळलं की त्यात मला माझं तोंड दिसलं. मामी म्हणाली, गढूळ होतं तेच बरं होतं.

नमुना देऊन आलो. काळजी नको, मी सगळा विचार केला आहे.

निळ्या हातांचा मामा

ता. १९ मार्च

प्रिय मामा,
सा. न. वि. वि.

आईने कळवलं, नमुना नापास झाला. पाण्यात रंग आहे म्हणतात. तू आधी पाठवलेल्या सांडपाण्यावर मी तीच माती पाच वेळा लावून पाहिली, पाचही वेळा पाणी स्वच्छ. प्रयोगशाळेतल्या आमच्या बाईंनी विचारलं की तिथे हे काम कुणाच्या हातात होतं. मी म्हटलं, माझ्या मामाच्या. त्यांनी चष्मा काढून ठेवला.

मग तुझं पत्र पुन्हा वाचलं आणि ‘सगळा विचार केला आहे’ इथे अडकले. काय केलंस ते खरं लिही. ऑफिसने शेवटची संधी दिली आहे, २७ तारखेला साहेब स्वतः येतील.

न ओरडणारी भाची

ता. २२ मार्च

चि. भाचीस आशीर्वाद.

आता लपवून काय उपयोग. पाणी फारच स्वच्छ होतं गं. रंगाऱ्याने असलं पाणी नेऊन दिलं तर कुणीही म्हणेल, लबाडाने नळाचं भरून आणलं. म्हणून बाटलीत चिमूटभर निळा टाकला. पाणी प्रामाणिक दिसावं, इतकंच. छटा मात्र सुरेख जमली होती.

मामी माझ्याशी बोलत नाही. डब्यांशी बोलते, पण मला ऐकू येईल असं. मला खरंच लाज वाटते. कारखाना गेला तर हे हात घेऊन कुठे जाऊ, कळत नाही.

चुकलेला मामा

ता. २ एप्रिल

चि. भाचीस अनेकानेक आशीर्वाद.

त्या दिवशी साहेब आले. मामीने मला हात खिशात घालायला लावले आणि स्वतः ढवळलं. साहेब मध्ये चहाला गेले. परत येऊन पाणी पाहिलं आणि विचारलं, हे नळाचं तर नाही ना. मी नुसतं मामीकडे पाहिलं. तिने भांडं उपडं केलं आणि काठी साहेबांच्या हातात दिली. दुसऱ्या खेपेला त्यांनीच ढवळलं. त्यांची बाही निळी झाली, पाणी नाही. आज निकाल आला, पास आहोत.

लहानपणी तू ज्या मोजायचीस त्या रंगांच्या बाटल्यांच्या फळीवर आता त्या पाण्याची बाटली पहिली ठेवली आहे. सकाळी एका गिऱ्हाइकाने विचारलं की ही कोणती छटा, यात तर काहीच नाही. मी सांगितलं, ती विकायची नाही, ती आमच्या भाचीची आहे.

माती संपत आली आहे, लोभ संपवू नकोस.

तुझा मामा
(हात अजून खिशात)