डावा कोपरा

सूनबाई,

काल फायबरचा साचा काढताना गाडीच्या बॉनेटला चिकटून फाटला आणि मी तुला कारागिरांसमोर नको नको ते बोललो. सकाळी बॉनेटवरून हात फिरवला. फायबर फक्त डाव्या कोपऱ्याला धरून बसलंय, म्हणजे साचा सुटायचं मेण तिथेच लावायचं राहिलं. ती बाजू माझी होती.

बॉनेट घासून घे आणि आज मेणाचे सगळे हात तूच दे. घाई करू नकोस. मी डोळ्यांच्या डॉक्टरकडे चाललोय. सासूने विचारलं तर रेझिन आणायला गेलेत म्हण.

डोळ्यांवर विसंबू नकोस, तळव्याने बघ, असं तुला वर्षभर शिकवतोय. शिकवलं ते खरंच आहे. पण मी स्वतः तळव्याने बघत होतो, ते दिसेनासं झालं होतं म्हणून.

बाबा