लाइन तीनची गळती

११ जून, मंगळवार

पुन्हा वाजला अलार्म! सकाळी दहा वाजून पाच मिनिटं. तोंडात सुक्या मासळीचा घास, आणि टूं टूं टूं. पडद्यावर तेच: लाइन ३, जमिनीत गळती, वीज तोडली.

लाइन तीन म्हणजे इगबुगायच्या डोंगराची. तिथल्या टेलिफोनच्या पेटीला वीज आपणच पाठवतो, इथून एक्स्चेंजमधून, टेलिफोनच्याच तारेतून. दोनशे व्होल्ट. तार कुठे भिजून जमिनीला लागली की यंत्र वीज तोडतं आणि बोंबलतं. गेल्या महिन्यात हे सगळं मी बसवलंय. कुठल्या लाइनीला किती वीज, कुठल्या बिघाडाला कुठला अलार्म — एकेक आकडा मी घातलाय. यंत्र चोख आहे! भिजलाय तो आमच्या लाइनमनचा, नोंग क्रिसांतोंचा तारेचा जोड. वयाने मोठे, म्हणून नोंग, म्हणजे दादा.

त्यांना फोन केला. म्हणे, "इंदाय पोरी, तो जोड मागच्या आठवड्यात उघडला मी. आत खडखडीत कोरडा. तुझं यंत्रच खोटारडं आहे."

खोटारडं! तीस वर्षं खांबावर चढले म्हणजे सगळं कळतं का?

१२ जून, बुधवार

आमच्या बेटांचा स्वातंत्र्यदिन. गाव मिरवणुकीत, मी अलार्मपाशी. आज अकराला पाच कमी.

नोंगना डोंगरावर पिटाळलं. जोडाला हात लावण्याआधी ते फोन करून विचारतात, तसं विचारलं — "वीज बंद केलीस?" "केली." दहा मिनिटांत पुन्हा फोन, नुसता आरडाओरडा. "बंद म्हणतेस आणि चावते कशी गं? हात बधिर झाला माझा!"

मी म्हटलं, "कालची माडी उतरली नसेल, नोंग."

फोन आपटला त्यांनी. आपटा!

१३ जून, गुरुवार

पावणेबाराला वाजला. पालमारेस साहेब स्वतः खाली आले. "मिस सुमागायसाय, गेल्या महिनाभरात एकट्या आपल्याकडे एकोणीस अलार्म. वरचे मला विचारतात. पंधरा मिनिटांचा विलंब टाका ना त्याला. तेवढ्यात बिघाड सुटला तर मोजला जाणार नाही."

म्हणजे आग लागली की घंटेत बोळा कोंबायचा! साफ नाही म्हटलं.

"मग दोष कुणाचा, लेखी द्या."

दिलं. 'जोडकाम निकृष्ट.' खाली सही ठोकली. माझं काम चोख आहे, मी का घाबरू?

१४ जून, शुक्रवार

सोमवारपासून नोंग क्रिसांतो निलंबित. चौकशी होणार. पेन्शनला तीन वर्षं राहिलीत, तीही जाईल म्हणतात. बाजारात त्यांची बायको भेटली. मला बघून पाठ फिरवली आणि भाजीवाल्या बाईला ऐकू जाईल असं म्हणाली, "काल आलेल्या पोरी, माणसाच्या पोटावर पाय देतात."

मी काय खोटं लिहिलं? सांगा ना!

वर इगबुगायच्या दवाखान्यातली नर्स फोनवर म्हणते, "आमचा फोन? एकदाही बंद पडला नाही." बाई, तुम्ही जागेवर असता तरी का कधी? लगेच बंदरावरचा बर्फवाला — रोज एकदा आमचा फोन मरतो हो, थोड्या वेळाने आपोआप जिवंत होतो! एका वेळी एकच रडगाणं ऐकेन म्हटलं. डोकं नुसतं तडतडतंय. बोलता बोलता वाजलाच. बारा चाळीस.

१५ जून, शनिवार

दीड वाजता वाजला. संतापून घरी आले, तर जेवायला कुणी नाही. बाबा होडी वर ओढत होते. मी ओरडले, "ही काय वेळ आहे?"

"भरती तुझ्या साहेबाला विचारून येते का? रोज पन्नास मिनिटं पुढे सरकते. कोळ्याच्या घरात जन्मलीस, एवढंही विसरलीस?"

मी जेवले नाही. ही वही काढली. १०.०५. १०.५५. ११.४५. १२.४०. १.३०.

डोंगरावर कसली आलीय भरती?

१६ जून, रविवार

चर्चमधून तडक एक्स्चेंजमध्ये. डोंगराच्या लाइनीचं सर्किट कार्ड यंत्राच्या शेल्फमधून उपसलं आणि मांडीवर घेऊन बसले. दोन वाजून वीस मिनिटांनी अलार्म वाजला — लाइन ३!

यंत्र शून्यापासून मोजतं. मी एकापासून. पडद्यावरचं ते पहिलं शून्य मी मुख्य कार्ड समजले — गाढव! त्याची लाइन तीन म्हणजे शेल्फमधलं चौथं कार्ड. बंदराची लाइन, भरतीच्या पाण्यात भिजणारी. डोंगराच्या लाइनीला काहीही झालेलं नव्हतं.

महिनाभरात चार वेळा नोंगनी विचारलं, बंद केलीस? चार वेळा मी म्हटलं, केली. बंद केली ती बंदराची. डोंगराची चालूच होती, आणि त्यांनी माझ्या शब्दावर त्यात हात घातला.

सायकल काढतेय. आधी त्यांच्या घरी, मग साहेबाकडे.