पहिला नंबर

८ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

चिमी काल सुखरूप पोचली असेल. सातवीत तिचा पहिला नंबर आलाय. गुणपत्रक चादरीच्या घडीत ठेवलंय, ते आधी बघ. आमच्याकडे शाळा सातवीपर्यंतच, म्हणून आठवीसाठी तुझ्या गळ्यात बांधलीय. शिवणकामात तुला मदत करेल. फार लाडावू नकोस. मला लाडावलंस त्याचं काय झालं ते बघतेच आहेस.

माझ्यावरचा लोभ थोडा तिलाही दे.

तुझी धाकटी

१७ जून

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

वाईट वाटेल, पण लपवत नाही. परवा गिऱ्हाइकाची मापं वहीतून वाचून दाखव म्हटलं. चिमीने आकडे सांगितले, शब्द एकही नाही. मग तिचंच सातवीचं पुस्तक पुढे ठेवलं. धडा घडाघडा म्हणाली. बोट मात्र भलत्याच ओळीवर.

इथल्या शाळेतल्या बाईंचं म्हणणं, आठवीत ती मागच्या बाकावर गप्प बसून वर्ष काढील. पाचवीत बसवा, वाचायला त्या स्वतः शिकवतील. चिमी रडली नाही. पाचवीतली मुलं हसतील का, एवढंच तिने विचारलं. हसतील, म्हटलं मी. बराच वेळ बटणं लावत बसली, मग पाचवीत बसते म्हणाली.

तुमचं काय ते कळव. रागावलीस तरी पत्र पाठव.

ताई

२९ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं. मग तणतणत शाळेत गेले. दुसरे गुरुजी बदलून गेले ते गेलेच. आता उरलेल्या गुरुजींकडे एकट्याकडे एका खोलीत सात वर्ग, वर गावातली माणसं मोजायचं सरकारी काम. पहिला नंबर दिलातच कसा, असं विचारलं. ते चिडले नाहीत. नापास केलेली मुलगी दुसऱ्या दिवशी वीटभट्टीवर दिसते, म्हणाले. सहावीत नापास झाली म्हणून माझ्या थोरल्या लेकीला मीच भट्टीवर नेली होती.

यांचं म्हणणं, खालच्या वर्गात बसवायची तर घरीच आणा. मी नाही म्हटलं. घरात अबोला आहे, तो मी निभावीन. चिमीला पाचवीत बसव.

काल पाच आयांना घेऊन पुन्हा शाळेत गेले. खरे गुण द्या, नापास झाल्या तरी पोरींना घरी बसवणार नाही, असं गुरुजींना सांगितलं. तिघींनी माझ्या होला हो म्हटलं, दोघी गप्प राहिल्या.

रात्री थोरलीने विचारलं, मी परत शाळेत गेले तर मला आता कितवीत बसवतील. एवढं बाईंना विचारून कळव.

पोरींच्या डोक्यावर हात असू दे.

तुझी धाकटी