डावीकडे न वळणारी मान

३ फेब्रुवारी, सकाळी
मान डावीकडे वळत नाही. उजवीकडे वळते. उशी बदलायची. लिफ्टची ड्रॉइंग्ज काढण्यात हयात गेली, कधीतरी हे व्हायचंच होतं. कालच्या बातमीशी काही संबंध नाही. (बातमी : आमच्या ड्रॉइंग सेक्शनचा हेड म्हणून ज्युनियरला नेमलं. ज्याला स्केल धरायला मी शिकवलं, त्याला. मी थोडक्यात हुकलो असणार. काहीच वाटलं नाही. अभिनंदन उद्या करेन.)

४ फेब्रुवारी
अभिनंदन राहिलं. ज्युनियरची नवी केबिन माझ्या टेबलाच्या डावीकडे आहे. वळताच येत नाही तर माणूस काय करणार?

९ फेब्रुवारी
एक्सरे नॉर्मल. घरात आनंदीआनंद. मला धक्का. हे लोक नुसती हाडं बघतात.
संकल्प : स्वतः अभ्यास करायचा. नेटवर बसलो, जेवण गार झालं. बरेच रोग जुळतात. त्यातला एक फक्त घोड्यांना होतो, पण लक्षणं हुबेहूब.

१४ फेब्रुवारी
रक्तही नॉर्मल. मेहुणा म्हणाला, भाऊजी, पार्टी द्या. यापुढे त्याच्या घरी पाऊल ठेवणार नाही. (रविवारी जेवायला बोलावलंय. ते झाल्यावर.)

१५ फेब्रुवारी
बायकोने विचारलं, दुखतेय ती मान, की दुखावलाय तो मान? व्याकरणाचे विनोद मला आवडत नाहीत. मान स्त्रीलिंगी आहे आणि ती दुखते. पुल्लिंगी तो वेगळा, तो मला भरपूर आहे. दिवसभर तिच्याशी अबोला धरला. तिच्या लक्षातच आलं नाही. शेवटी शेक द्यायला मलाच हाक मारावी लागली. हात भरून आले तरी ती शेकत राहिली. फार बरं वाटलं. पण तसं सांगितलं तर आजार किरकोळ ठरतो, म्हणून कण्हलो.

२२ फेब्रुवारी
मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. दुखणं खोटं म्हणतील म्हणून मुद्दे पाठ करून गेलो होतो. ते म्हणाले, दुखणं खरं आहे. एकही मुद्दा वापरता आला नाही. डोळ्यांत पाणीच आलं.
मग त्यांनी सगळं घालवलं. विचारतात, दुखायला लागलं तेव्हा काही घडलं होतं का? म्हटलं, उशी बदलली होती. (उशी नंतर बदलली. पण तो तपशील झाला.) म्हणाले, मनावरच्या ताणानेही स्नायू आखडतात, व्यायाम करा आणि कुणाशी तरी मोकळं बोला. म्हणजे मी वेडा! डॉक्टर बदलायचा. येताना मानेचा पट्टा विकत घेतला. त्यांनी सांगितला नव्हता, विसरले असतील.

२६ फेब्रुवारी
पट्टा लावून ऑफिसात. जो तो येऊन विचारतो. नोकरीला लागल्यापासून माझी एवढी चौकशी कुणी केली नव्हती. ज्युनियरने स्वतः माझा मॉनिटर उचलून डोळ्यांच्या उंचीवर बसवून दिला, वर सर म्हणाला. काहीतरी डाव असणार. दुपारनंतर मान जरा हलकी वाटली, पण पट्टा काढला नाही.
ठरलं. साहेबांना सरळ विचारायचं, एवढ्या अटीतटीच्या निवडीत माझं कुठे कमी पडलं? ते एकदा कळलं की अभिनंदनही करून टाकेन. मोकळं बोलायचं तर वरच्या माणसाशीच बोलावं.

२८ फेब्रुवारी
साहेबांकडे गेलो. तब्येतीपासून सुरुवात केली आणि गाडी हळूच निवडीवर आणली. त्यांना आधी कळेचना. मग म्हणाले, निवड कसली, एकच नाव होतं. माझं कुणाला सुचलंही नव्हतं. जरा ओशाळले आणि म्हणाले, तुम्हाला हवं होतं का ते पद? तुम्ही कधी बोलला नाहीत.
मी मान हलवून नाही म्हणालो. पट्ट्यातल्या पट्ट्यात, आधी उजवीकडे, मग डावीकडे.
वळली. फार दुखली.