सूचना मिळाली, धन्यवाद

३ मार्च, सोमवार
आजपासून नियमित रोजनिशी. ट्रॅफिक कंट्रोल रूमला इनचार्ज नेमणार आहेत. माझ्याशिवाय आहे कोण? दुसऱ्या पाळीच्या मॅडम विणकाम करत बसतात, सूचना देतात कधीमधी.
आता प्रत्येक सिग्नलवर सॉफ्टवेअर एजंट. आपापसात ठरवून हिरवा-लाल करतात, ऑपरेटरच्या सूचनांवरून शिकतातही. हॉस्पिटल चौकातल्याला मी लाडोबा नाव ठेवलंय. गुणी आहे.

५ मार्च, सकाळी ९:४०
लाडोबाला सांगितलं, पुलाकडच्या गाड्या आधी सोड. त्यानं बाजाराकडच्या सोडल्या. पाच मिनिटांत चौक मोकळा. माझा मुद्दा त्यानं आपल्या पद्धतीनं घेतला, इतकंच. स्क्रीनवर आलं, ‘सूचना मिळाली. धन्यवाद.’

६ मार्च
बावीस सूचना, बावीस धन्यवाद. घरी इतक्या वर्षांत एक नाही. बायकोला सांगून टाकलं, इनचार्ज झालोच समज. म्हणाली, आधी ऑर्डर हातात पडू द्या. स्वभावच संशयी.

११ मार्च
डोकं धरलं म्हणून रजा. राहवेना, मॅडमना फोन केला. म्हणाल्या, तुम्ही नाही तर लाडोबा चाचपडतोय. डोळे भरून आले.

१४ मार्च
मॅडम इनचार्ज.
साहेबांनी रिपोर्ट वाचून दाखवला. कुणावर किती विसंबायचं हे एजंट स्वतःच शिकतात. मॅडम शंभरात साठ वेळा बरोबर. मी शंभरच्या शंभर वेळा चूक. म्हणून लाडोबा माझ्या प्रत्येक सूचनेच्या नेमकं उलटं करतो. साहेब म्हणाले, तुमच्याइतका खात्रीचा माणूस नाही, खुर्ची सोडू नका, अजिबात बदलू नका.
पोटच्या पोरासारखं शिकवलं. केसानं गळा कापला लेकाच्यानं. आणि वर रोज धन्यवाद!
बायकोला सांगितलं. तिला नवल नाही. म्हणे, मी वीस वर्षं दुसरं काय करतेय?

१७ मार्च, सकाळी
रविवारभर विचार केला. सूड घेणार. मनात येईल त्याच्या उलटं सांगायचं. बघू आता, लाडोबा!

संध्याकाळी ७
मनात होतं पुलाकडच्या, सांगितलं बाजाराकडच्या सोड. त्यानं शिरस्त्याप्रमाणे उलटं केलं. दोन तास चौक ठप्प. त्यात बायकोही अडकलेली. फोनवर विचारते, आज सुधारायला गेला होतात का?
साहेबांनी तंबी दिली. लाडोबानं धन्यवाद दिले.
म्हणजे आजची सूचना बरोबर होती. नोकरीतली पहिलीच. आणि नेमकी तीच कुणी ऐकली नाही.