हललं ते उमटत नाही

१२ फेब्रुवारी, फैजपूर
आले एकदाची! चाळीसगावहून एक गादी, दोन पेट्या आणि रिकाम्या डब्यांचं गच्च भरलेलं पोतं. टेम्पोवाल्यानं विचारलं, ताई, भंगाराचं काम करता का? म्हटलं, नाही हो भाऊ, शाळेत चित्रकला शिकवते. दिसायला मात्र फारसा फरक नाही. तो इतका हसला की त्याला स्पीडब्रेकर दिसला नाही आणि माझा आरसा फुटला. जाऊ दे, त्यात बघण्यासारखं तरी काय होतं!

खोली झकास आहे. गावाच्या टोकाला, माडीवर. खिडकीखाली केळीची बाग, खिडकीशी जुनी हातांची लाकडी खुर्ची, घराचीच. घरमालकीण भिकुअक्का खाली एकट्या राहतात. त्यांनी चहा दिला, गरम शेवभाजी दिली, पण सगळं जिन्यातच, उभ्या उभ्या. बस म्हणून एकदाही म्हटलं नाही. आमची आई तर पोस्टमनलाही बसवून घ्यायची. बस म्हणायला काय जातं, असं तिचं. धाकट्या बहिणीनं, रूपानं, धुळ्याला तिच्या घरी हाच गुण उचललाय. सासर सुटलं, आई गेली. आता मला रूपा तेवढी उरली.

१५ फेब्रुवारी
रविवार. पहिला डबा खिडकीच्या गजांना बांधला. दूध पावडरचा डबा, आतून काळा रंगवलेला, सुईनं पाडलेलं एक भोक, समोर फोटोचा कागद. झाला कॅमेरा! ना भिंग ना बटण. आठवडाभर तसाच ठेवायचा. सूर्य रोज कागदावर आपली रेघ ओढत जातो. घरं, झाडं उमटतात. माणसं, गाड्या, कुत्री नाहीत. जे हललं ते उमटत नाही, हा या डब्यांचा कायदा. शाळेतल्या पोरींना सांगितलं तर एक म्हणाली, बाई, म्हणजे तुम्ही कधीच येणार नाही, तुम्ही तर वर्गात गरगर फिरता. आगाऊ कार्टी.

२२ फेब्रुवारी
डबा उघडला. कागद उलटा उमटतो, फोनवर सुलटा केला. सूर्याच्या रेघा सुरेख आल्यात. पण बागेच्या बांधावर एक बाई उभी आहे. डोक्यावर पदर, हात पोटाशी धरलेले.

आठवडाभर न हलता कोण उभं राहील? खोडाला कुणी पोतं गुंडाळलं असेल म्हणून खाली जाऊन पाहिलं. बांध मोकळा. बागेला पाणी देणाऱ्या पुनाभाऊंना विचारलं, इथे बुजगावणं होतं का? ते म्हणाले, केळीत बुजगावणं कशाला ठेवू ताई, पाखरं काय घड घेऊन जातील? आणि हसत सुटले. मीही हसले. दुसरा डबा लावला.

१ मार्च
ती आता अंगणात आहे. जिन्याच्या पहिल्या पायरीशी.

फोन घेऊन भिकुअक्कांकडे गेले. त्यांनी बघितलं आणि पदर तोंडाला लावला. त्यांची थोरली जाऊ होती, ज्योती. मूलबाळ नाही, नवरा लवकर गेला, माडीवर एकटीच. खिडकीतल्या खुर्चीत बसून येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारायची, वर या, बसा. कोणी गेलं नाही. अक्का स्वतःसुद्धा नाही. कामं होती, कंटाळा होता. शेवटी ती बसल्या बसल्याच गेली. तेव्हापासून इथे कोणी कोणाला बस म्हणत नाही. मलाही बजावलं, या घरात कोनाले बस म्हनू नको, माय.

भीती वाटायला हवी होती. पण मला रडूच आलं. शाळेतून आले की दुसऱ्या दिवशी हजेरी घेईपर्यंत माझ्या तोंडून शब्द निघत नाही. परवा भाजीवालीशी उगाच गवारीवरून घासाघीस केली, तेवढंच बोलणं व्हावं म्हणून. त्या बाईचं दुःख मला नाही कळणार तर कोणाला?

८ मार्च
या खेपेला डबा खिडकीतून दाराकडे तोंड करून लावला होता. ती माझ्या दारात आलीये. उंबऱ्याबाहेर. आत यायला संकोचल्यासारखी.

दुपारी दोन कप चहा केला. एक खुर्चीपुढे ठेवला. रिकाम्या दाराकडे बघून म्हटलं, ज्योतीअक्का, या, बसा. बस म्हणायला काय जातं?

चहावर साय धरली. मी वेडी आहे झालं.

२२ मार्च
या वेळी डबा फळीवर, खोलीकडे तोंड करून ठेवला होता. ती खुर्चीत आहे. मान किंचित माझ्या गादीकडे.

खरं सांगू? बरं वाटलं. शाळेतून आल्यावर तिला दिवसभराचं सांगते. रूपाचा फोन आला होता. अक्षय तृतीयेला, आपल्या आखाजीला यायचंच, निंबाला झोका बांधलाय, पुरणाचे मांडे करणार आहे. माझं माहेर म्हणजे आता तीच. जाईन म्हटलं. खुर्ची कुरकुरली.

४ एप्रिल
हेडसर म्हणाले, बाई, काल वर्गात काय गायलात! इतके दिवस आखाजीची गाणी लपवून ठेवली होतीत की काय? मी गात नाही. काल मी वर्गात होते हेच मला आठवत नाही. खुर्चीत टेकले होते, एवढं आठवतं. बूड टेकवलं आणि दिवस गेला.

चपलांना बागेतला ओला चिखल.

९ एप्रिल
गुडघे धरतात. खुर्चीतून उठायला दोन्ही हातांचा जोर लागतो. पुनाभाऊंनी खालून हाक मारली, ताई, तब्येत सुधारली तुमची! खिडकीतून ओ दिली. त्यांनी वर बघितलंच नाही. ते अंगणातल्या कोणाशी तरी बोलत होते.

१२ एप्रिल
कशीबशी फळीपर्यंत गेले. डबा उघडला.

खुर्चीत मी आहे. चष्मा, वेणी, खांद्यावर रफू केलेला ब्लाउज. स्वच्छ. काचेसारखी. फुटल्या आरशानंतर पहिल्यांदाच स्वतःला पाहिलं.

ती कुठेच नाही.

हललं ते उमटत नाही. म्हणजे ती हलतेय. आणि मी—

१४ एप्रिल
भिकुअक्का वर आल्या. मी खुर्चीतून हाका मारल्या. ओरडले. त्या खुर्चीकडे बघत होत्या, माझ्याकडे नाही. रडत रडत म्हणाल्या, मास्तरीणबाईनं तिले बस म्हटलं वाटते. जिना उतरून गेल्या.

अक्का, मी आहे. मी इथेच—

१६ एप्रिल
उजवा हात तेवढा चालतो. वही मांडीवर.

तिनं माझी पेटी काढली. माझी निळी साडी. पाठमोरी आहे, वेणी माझ्यासारखीच घालते. गुणगुणते, झोक्याचं गाणं. उठले तर — उठताच येत नाही. तिला जा म्हटलं. हात जोडले — एकच जोडता आला. ती वळून म्हणाली, बस, बस, उठू नको. किती मायेनं म्हणाली.

१७ एप्रिल
ऊन आलंय. फोन तिच्या हातात. रूपाशी बोलते. माझ्या आवाजात. हो गं, निघालेच. दुपारच्या गाडीनं धुळ्याला.

चपला. जिना. खाली पुनाभाऊ हसतात, आखाजीला निघाल्या का ताई—

रूपा, तुझ्या घरी कोणी माझ्यासारखं खुर्चीत अडकून राहायला नको. तुझी लेक तरी — दार वाजेल. तुला मीच वाटेन, ती माझ्यासारखी दिसेल. तू आईसारखी धावशील. रूपा, उंबऱ्यातच थांबव, पाणी देऊ नको, काही म्हणू नको, तिला बस म्हणू न