आजचा पत्ता लिहून घ्या

४ फेब्रुवारी २००८, सोमवार

नाही लागलं! सकाळपासून बटण दाबतेय – ‘कनेक्टिंग… कनेक्टिंग…’ आणि मग एरर ८००. हे व्हीपीएन म्हणजे दौंडच्या घरातला कॉम्प्युटर सणसवाडीच्या फॅक्टरीतल्या कॉम्प्युटरला जोडणार म्हणे. कधी? बाळाच्या बारशाला? पुण्याच्या सॉफ्टवेअरवाल्याला फोन केला. "मॅडम, आमच्या साइडनं ओके आहे." यांच्या साइडनं कायम ओकेच असतं!

साहेबांचं बोलणं डोक्यातून जात नाही. "पहिलं बाळंतपण माहेरी, ठीक आहे. पण कॉन्ट्रॅक्टवाल्यांना रजा नाही. महिनाअखेरपर्यंत घरून मालाची चलनं काढून दाखवा, नोकरी तुमची. नाही तर दुसरी मुलगी बघू." म्हणजे मी आई-आबांच्या घरी बसून बटण दाबायचं, तिकडे फॅक्टरीच्या प्रिंटरमधून चलन निघायचं, मग गेटवरची गाडी सुटायची. सांगायला काय जातंय.

६ फेब्रुवारी

आज भाग्यश्रीला कामाला लावलं. फॅक्टरीत माझ्या शेजारच्या टेबलावर बसते ती. मोडेम कपाटावर, म्हणून स्टुलावर चढून तिनं दिवे बघितले, मग खाली बसून पोर्ट फॉरवर्ड केलं – बाहेरून आलेली हाक सरळ आमच्या सर्व्हरकडे धाडायची, एवढंच ते. पोर्ट १७२३. पठ्ठीनं १७३२ टाकलं! दोन तास मी इकडे कपाळ बडवतेय. फोनवर तिच्यावर ओरडले. मग माझं मलाच वाईट वाटलं.

ती म्हणाली, "असू द्या ताई. पुढल्या वर्षी माझं बी लगीन हाय. तुमचा रस्ता झाला तर माझा बी व्हईल."

शेवटी व्हीपीएन लागलं! पण आत काहीच उघडत नाही. लग्नाला गेले आणि मांडवाच्या दारात उभी.

७ फेब्रुवारी

गुरुवार. सणसवाडीत रविवारऐवजी आज लाइटीची सुट्टी, इकडे भारनियमन. झोपले.

८ फेब्रुवारी

परत लागत नाही!! डोकं फिरायची वेळ.

मग कळलं. लाइट गेली की ऑफिसचा मोडेम बंद पडतो, आणि पुन्हा चालू झाला की त्याचा इंटरनेटवरचा पत्ता बदललेला असतो. मी परवाच्या पत्त्यावर दार ठोठावत बसले होते. कायमचा पत्ता विकत मिळतो, पण साहेब म्हणाले, "बजेट नाही." आता रोज सकाळी भाग्यश्री फोन करून नवा पत्ता सांगणार. जबाबदारी तिनं आपणहून घेतली. गुणाची आहे.

११ फेब्रुवारी

हसावं की रडावं! व्हीपीएन लागलेलं, आत मात्र शिरता येत नव्हतं, म्हणून ऑफिसच्या मोडेमचं पान उघडलं आणि सेटिंग बदलत सुटले. शनिवार गेला, रविवार गेला. बदललेलं भाग्यश्रीला तिकडे दिसेचना. मी म्हटलं, नीट बघ गं! तिनं बिचारीनं चष्मा पुसून बघितलं.

आज उजेड पडला – मी आमच्या घरच्याच मोडेममध्ये हात घालत होते! दोन्ही मोडेमच्या आतल्या पत्त्याचे आकडे तंतोतंत एक, १९२.१६८.१. कॉम्प्युटर कशाला उठून सणसवाडीला जाईल? जवळचं घर सोडून लांब कोण जातं? घरचा आकडा बदलला. तरी चलनाचं पान उघडत नाहीच. नाहीच!

१३ फेब्रुवारी

आई वैतागलीय. "त्या डबड्याम्होरं बसून पाय बघ कसं सुजल्यात. तुझ्या सायबाला सांग, पोटुशी हाय माझी लेक, तार-मास्तर न्हाई."

आज कॉम्प्युटरला हात लावला नाही.

१५ फेब्रुवारी

एक टिचकी! एका टिचकीसाठी एवढा वनवास! हा कॉम्प्युटर ऑफिसातून आणलेला, त्यामुळे ब्राउझर अजून तिथल्या प्रॉक्सीला, म्हणजे इंटरनेटच्या दारावरच्या राखणदाराला, विचारल्याशिवाय पाऊल उचलत नव्हता. फॅक्टरीतलं पानसुद्धा तो बाहेरच्या इंटरनेटवर शोधत होता. ‘लोकल पत्त्यांना प्रॉक्सी नको’ अशी एक चौकट आहे. तिच्यात टिचकी मारली, पान उघडलं.

सॉफ्टवेअरवाला म्हणतो, "हां, ते करावंच लागतं." मेल्या, मग आधी सांगायला काय तोंडात गुळणी धरली होतीस?

१८ फेब्रुवारी

निघालं! मी इथे प्रिंट दिलं आणि फोनमधून भाग्यश्री किंचाळली, "निघाला! कागद निघाला ताई! गाडी सुटली!"

आईनं शिरा केला. आबांनी रेल्वेच्या सिग्नल-केबिनमध्ये उभा जन्म काढलेला. बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसले. म्हणाले, "म्हंजी आमच्या खटक्यावानीच की. हितं वडायचा आन् तिकडं लांब सिग्नल पडायचा." इतक्या वर्षांत माझ्या कामातलं त्यांना पहिल्यांदा काही कळलं. मला रडूच आलं.

२२ फेब्रुवारी

रोज चलनं जातात. एकही गाडी अडकली नाही. साहेबांनी खोदून खोदून विचारलं – वेळ किती लागतो, तिकडे माणूस लागतो का. मी अभिमानानं सांगितलं, सकाळी पत्ता तेवढा सांगावा लागतो, बाकी काही नाही. ते म्हणाले, "आता कायमचा पत्ता घेऊन टाकू."

बजेट आलं वाटतं! नोकरी राहिली. सुटले एकदाची.

२६ फेब्रुवारी

साहेबांचा फोन. फार खूश. "मॅडम, तुम्ही दौंडवरून काढता, तर चेन्नईवरूनही निघेल. एक तारखेपासून सगळी चलनं हेड ऑफिसच काढणार. डिस्पॅचची तुमची दोघींचीही टेबलं बंद. तेवढं त्यांना सेटिंग समजावून सांगा, तुम्हाला छान जमतं."

आबांना सांगितलं. म्हणाले, "आमच्या केबिनीला बी असंच कुलूप लागलं व्हतं."

२७ फेब्रुवारी

भाग्यश्रीला अजून कुणी सांगितलेलं नाही. सकाळी तिचा फोन आला, नेहमीसारखा. "ताई, रातीला लाइट गेलती. आजचा पत्ता लिहून घ्या."

मी लिहून घेतला.